भिंतीच्या पैशातली बनात

मी एक जुनं सागवानी टेबल आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू गोड आठवणी सांगतात असं तुम्ही ऐकलं असेल. मी राग सांगणार आहे. इतकी वर्षं झाली, तो अजून निवलेला नाही.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा अमडापूरच्या जहांगीर मिस्त्रींनी मला घडवलं. एक खिळा ठोकला नाही. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केले. त्यांचा भाऊ म्हणाला, "एवढं काऊन घासून राह्यला? कचेरीचंच तं टेबल हाये." मिस्त्रींनी रंधा थांबवला नाही. "याच्यावर लेकराइच्या शाळाइचं ठरन. सांधा ढिला राहून कसं जमन?"

बैलगाडीत बसून मी बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका कचेरीत आलो. तिचं नाव सांगत नाही. तिथे शाळांची समिती बसे. दर हिवाळ्यात सभासद माझ्याभोवती जमत आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करत. कुठे छप्पर घालायचं, कुठे शिक्षक द्यायचा, कुणाला थांबवायचं, सगळं माझ्या छातीवर ठरे. सभापती हिंमतराव माझ्यावर थाप मारून म्हणत, "टेबल नाही हे, तख्त हाये!" मी फुलून जाई. किती मूर्ख होतो मी!

चौथ्या वर्षीची गोष्ट. धोक्यात असलेल्या शाळांची यादी आली, चौदा नावांची. पहिलं नाव हिवरटेकचं. समितीत एकच बाई होत्या, सुभद्राबाई. शेतकरी घरातल्या, चार बुकं शिकलेल्या, पण यादीतली प्रत्येक शाळा पायी हिंडून पाहून आलेल्या. त्या उभ्या राहिल्या.

"सभापतीसाहेब, म्या सोता पाह्यलं. हिवरटेकची भिंत पोटुशी बाईवानी फुगली हाये. तिले टेकूनच पोरी बसतात. आधी हे काम घ्या."

हिंमतराव हसले. "बाई, भिंत इतके साल उभी हाये, अजून एक साल उभी राहीन. मोठे साहेब पाहणीले येऊन राह्यले. त्याइले काय फाटक्या खुर्च्याइवर बसवता?"

सगळे हसले. शाळादुरुस्तीचा पैसा सभागृहाकडे वळवला गेला. नव्या खुर्च्या आल्या, पडदे आले, आणि माझ्यासाठी हिरवी बनात आली. लोकरीचं मऊ, जाड कापड. साहेब आले, चहा प्यायले, बनातीवरून हात फिरवून "छान" म्हणाले आणि गेले. मित्रांनो, माझ्या अंगावर एका भिंतीच्या विटा पांघरलेल्या होत्या, आणि ते कापड काढून फेकायला मला हात नव्हते.

श्रावणात भिंत पडली. भर दुपारी, शाळा भरलेली असताना. शालिग्राम गुरुजी त्या शाळेचे एकटेच शिक्षक. माती झडताना दिसताच त्यांनी मुलींना ओढून ओढून बाहेर काढलं. शेवटची गौसिया. तिला ढकललं आणि भिंत त्यांच्या कमरेवर आली. मुली वाचल्या. गुरुजी पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत.

शाळा बंद पडली ती वर्षभर. उघडली तेव्हा एकोणीस मुलींतल्या सहाच आल्या. बाकीच्यांना घरच्यांनी खुरपं दिलं, काहींची तर लग्नंही उरकली. भिंतीखाली कोणी मेलं नाही म्हणून कचेरीत सुटकेचा निःश्वास सोडला गेला. त्या तेरा मुलींचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेला दोन माणसांनी गुरुजींना खुर्चीसकट उचलून आणलं. सुभद्राबाई सोबत होत्या. हिंमतराव लगबगीने उठले. "गुरुजीचा सत्कार करू. शाल-नारळाचा ठराव लिहा."

गुरुजी म्हणाले, "मले शाल कायले? तेवढ्यात एक फळा येते."

हिंमतराव कागद चाळत म्हणाले, "बरं, पुढचा विषय. कचेरीचं फाटक."

सुभद्राबाईंनी माझ्यावरची बनात दोन्ही हातांनी धरली आणि हिसका देऊन ओढली. दौत उलटली, कागद उडाले. "हे कापड त्या भिंतीच्या पैशाचं हाये! याच्यावर लिहून राह्यले तुम्ही, लाज नाही वाटत? आधी चौदा भिंती लिहा. मग पोरींसाठी शिकवणाऱ्या बाया. त्याच्यातून उरलं तं फाटक."

"सभा तहकूब!" हिंमतराव ओरडले आणि ताडताड बाहेर गेले. पण त्यांच्यामागे कोणी उठलं नाही. गेल्या वर्षी सर्वांत मोठ्याने हसलेले नारायणराव खाली मान घालून म्हणाले, "लिहा, बाई. आम्ही सही करतो." घटकाभराने हिंमतरावही परत आले. एकटं बाहेर उभं राहणं त्यांना जमलं नाही. सगळ्यांत शेवटी त्यांनी सही केली.

चौदापैकी अकरा भिंती त्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या. हिवरटेकच्या नव्या शाळेची फीत हिंमतरावांनीच कापली. त्या शाळेला चार उंच पायऱ्या होत्या. गुरुजी खाली, उन्हात, खुर्चीवर बसून राहिले. त्यांना वर न्यायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. सुभद्राबाईंना पुन्हा समितीत घेतलं नाही.

आता मी कोठीत पडलो आहे. पाठीवर मोडक्या खुर्च्या, पायाला वाळवी. मित्रांनो, मला पुसा, पॉलिश करा, असं मी म्हणणार नाही. तुमच्यातलं कोणी उद्या मोठं होऊन अशा टेबलाशी बसेल. एखाद्या शाळेचं नाव खोडायला तुम्ही लेखणी उचलाल, तेव्हा ती खाली ठेवा. त्या शाळेत जा, खाली तरटाच्या पट्टीवर मुलांच्या रांगेत एक दिवस बसा. मग परत येऊन लिहा, आणि तरीही ते नाव तुम्हाला सहज खोडता आलं, तर या कामातून उठून जा.