धुनीखेड्याची बाटी

इंदूरजवळच्या देपालपूरच्या अलीकडे धुनीखेडा नावाचं आमचं गाव होतं. नकाशात शोधू नका, नकाशाचा तेवढा तुकडा जळालाय. गावामागच्या टेकडीतून आग निघायची. माळव्यात जिवंत ज्वालामुखी कुठला, असं मास्तर लोक म्हणतात. त्यांच्या धोतरावर कधी ठिणगी पडलेली नाही, म्हणून म्हणतात. आमच्या कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या, आणि विहिरीचं पाणी काढलं की त्यात थेट चहापत्ती टाकायची.

माझे शेजारी मालोजीराव. वाडवडील होळकरांच्या फौजेत. तलवार गेली, मिशी राहिली. त्यांच्या बायकोच्या, भानुमतीवहिनींच्या छातीत राख बसलेली. खोकून खोकून बाई अर्धी झाली होती. वैद्य म्हणाले, गाव सोडा, नाहीतर ही काही टिकत नाही. इंदूरलगतच्या राऊजवळ सरकार जागा द्यायला तयार होतं, पण एका अटीवर: साहेबानं स्वतः येऊन गाव राहण्याजोगं नाही असं लिहून दिलं पाहिजे.

इथंच घोडं अडलं. तेव्हाच्या मध्यभारत राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आणि टेकडी पेटायची ऐन थंडीत. आम्ही राखेनं माखून इंदूरच्या कचेरीत जायचो, तर बाबू पान चघळत इंदुरी थाटात म्हणायचा, "भिया, साहेब तर ग्वाल्हेरला गेले. गर्मीत या." गर्मीत साहेब हजर, तर टेकडी गाईसारखी डोळे मिटून रवंथ करतेय. "धूर कुठंय, दाखवा," असं विचारून आम्हालाच खोटं पाडायचे. वर्षांमागून वर्षं हेच. वहिनींनी तर टेकडीला नारळ वाहणंच बंद केलं.

शेवटी एका वैशाखात टेकडीचं डोकं फिरलं. भर उन्हाळ्यात आग. निरोप गेला आणि लक्ष्मीकांतजी साहेब जीपमधून आले. वहिनींनी आधीच नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, त्यांना काही खायला घालायचं नाही. ठसका लागू दे, डोळे चुरचुरू दे, तसेच उपाशी परत जाऊ दे."

"बरोबर आहे," मालोजीराव म्हणाले.

साहेब आले. खोकले, डोळे पुसले, टोपीवरची राख झटकली. "छे, इथं माणूस राहील कसा," असं म्हणालेसुद्धा. वहिनींच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं. तेवढ्यात साहेब सहज बोलले, "सकाळपासून पोटात काही नाही."

झालं. मालोजीरावांची मिशी थरथरली. दारात आलेला पाहुणा उपाशी जातोय म्हणजे काय? मी त्यांचं धोतर ओढलं, वहिनींनी डोळे वटारले, पण हा गडी वहिनींनी घरच्यासाठी मळलेल्या कणकेचे गोळे घेऊन टेकडीच्या भेगेकडे निघालासुद्धा. आम्ही बाट्या तिथंच भाजायचो. गोवऱ्या नकोत, फुंकणी नको. बाटी आतून लोण्यासारखी व्हायची.

साहेबांनी तुपात बुडवून पहिली खाल्ली. मग मोजणं सोडलं. "मालोजीजी, इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतसुद्धा अशी बाटी नाही हो. अशी जागा सोडायची? मी तर इथं विश्रामगृहच बांधायला सांगतो."

"आणि राऊची जागा?" वहिनींनी विचारलं.

"ती कशाला आता? मोठे साहेब येतील, मंत्री येतील. तुमच्या हातच्या बाट्या खातील."

मालोजीराव लाजून म्हणाले, "आपली कृपा."

वहिनी वळल्या. घरात गेल्या, लुगडी बोचक्यात बांधली आणि जीपमध्ये साहेबांच्या जागेवर जाऊन बसल्या.

"बाई, ही सरकारी गाडी आहे," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. राऊला माझी बहीण सुमन राहते. तिच्या दारात सोडा. खाल्लंत ना पोटभर? मग निघा."

"अगं, लोक काय म्हणतील?" मालोजीराव म्हणाले.

"खोकत नाही म्हणतील."

साहेबांच्या पोटात इतक्या बाट्या होत्या, की त्यांना वाद घालायला श्वास पुरेना. ते मुकाट्यानं मागं बसले. जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली.

मालोजीरावांनी मिशीवरची राख झटकली. मग हळूच माझ्याकडे वळले.

"नंदूभिया, मंत्री आले तर कणीक कोण मळणार? त्यात पाणी किती घालतात, तुम्हाला ठाऊक आहे का?"