दुलीचंदच्या नावाची किस्त

दुलीचंदच्या जुन्या मोबाइलवर मेसेजची घंटी वाजली, तशी रुख्माबाई हातातलं सूप ठेवून उठली. "पाय बरं बाई, काय आलं?" तिनं फोन लेकीपुढे धरला.

दीपिकानं वाचलं. "किस्त आली. बाबाच्या नावानं."

"आली ना?" आईचा चेहरा उजळला. दीपिकानं मेसेज पुन्हा वाचला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबांना खैरलांजीहून बालाघाटला नेलं, ते परत आलेच नाहीत. देहही घरी आला नाही. वैनगंगेच्या घाटावर सरकारी माणसांनीच अग्नी दिला. दीपिका आणि घनश्यामकाका दोरीच्या अलीकडे उभे होते. दहाव्याला बायका गरसोळी उतरवायला आल्या, तर आईनं गळ्यातले काळे मणी मुठीत धरून ठेवले. "म्या तोंड नाही पाह्यलं," एवढंच म्हणाली. शेतकऱ्यांना मिळणारी सरकारी मदतीची किस्त, म्हणजे हप्ता, मात्र बाबांच्या खात्यात येतच राहिली. यंदा पंचायतीत सांगितलं होतं, की जे हयात आहेत त्यांची ओळख नव्यानं पटवणार, बाकीच्यांची किस्त बंद. तेव्हापासून आई वाट पाहत होती.

"वळख पटवाले ते सोता गेले असतीन," ती आता म्हणाली. "कुठंतरी हायेत ते. दवाखान्यात अदलाबदल झाली."

दीपिकानं रसायनशास्त्रात एमएससी केलं होतं. काही घडलं, तर ते कशानं घडलं हे शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती तडक धानाच्या बांधीवर गेली. काका रोवणीला वाकले होते. बाबांची ओळख कुणी पटवली, असं तिनं विचारलं.

"म्याच केलं," ते चिखलाचे हात तसेच धरून म्हणाले. "त्याचा मोबाइल नेलतो ना एक दिवस? त्याच्यावर नंबर येते, तो सेंटरवाल्याले सांगतला का वळख पटली. वहिनीले आधार होईन म्हनलं. पैशाले कोनी हात नाही लावला, माय."

"आधार तं झालाच, काका. पैशाचा नाही, बाबा जिते असल्याचा. आता चला, अन् तुमीच सांगा तिले."

काकांनी उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. आई मान खाली घालून तांदळातले खडे वेचत राहिली. मग तिनं लेकीकडे पाहिलं.

"तू होती ना घाटावर. तुनं तोंड पाह्यलं का त्याइचं?"

काकांनी मान वर केली. दीपिकानं लांबून फक्त एक निळी पिशवी पाहिली होती. तिच्यावर चिकटवलेला कागदही तिथून वाचता येत नव्हता. न पाहिलेलं पाहिलं म्हणून तिनं प्रयोगाच्या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

"हौ," ती म्हणाली. "चेन खाली केलती त्याइनं. झोपल्यावानी दिसत होते."

"दाढी वाढली होती का?"

"थोडीशी."

काका उठून अंगणात निघून गेले. आईनं दोन्ही हात मानेमागे नेले, गाठ सोडली, गरसोळी पदरात घेतली, आणि इतक्या काळानंतर पहिल्यांदा हंबरडा फोडला.

पुढे मृत्यूची नोंद लागली आणि किस्त थांबली. आई आता फोनकडे पाहत नाही. तो चार्जिंगला लावते दीपिकाच. परवा घंटी वाजली, रिचार्ज संपल्याचा कंपनीचा मेसेज होता. आई सूप घेऊन बसलेलीच राहिली. दीपिका मात्र विहिरीवरून, भरलेली बादली तिथंच टाकून धावत आली होती.