पडदेवालीची सायकल

घरोघरी खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवून देणारी म्हणून सगळी गल्ली तिला पडदेवालीच म्हणायची. नवी घरं टेकडीवर झाली तशी गिऱ्हाइकंही वर गेली. बस मात्र पायथ्यालाच थांबायची. कापडाचे गठ्ठे घेऊन चढ चढताना तिच्या गुडघ्यांचे तीनतेरा वाजायचे.

अशात सरकारने बॅटरीवरच्या सायकलींना सूट जाहीर केली. बाईच्या नावावर घेतली तर निम्मी किंमत सरकार भरणार. अट एकच, तिने अधिकाऱ्यासमोर ती स्वतः चालवून दाखवायची. आणि पडदेवालीने जन्मात पॅडलवर पाय ठेवला नव्हता.

"नाव तुझं दे, चालवीन मी," नवरा म्हणाला. "दुकानदार ओळखीचा आहे. चाचणीचं तो बघून घेईल."

"आणि टेकडीवर कोण जाणार?"

"सोडेन की तुला."

"मागच्या वर्षी माहेरी सोडणार होतात. अजून वाट बघतेय."

ती तडक धाकट्या नणंदेकडे गेली. नणंद सायकलवरून टपाल वाटायची. दोघींमधून विस्तव जात नसे, पण अडलेलं काम मोठं होतं.

"वन्सं, सायकल शिकवाल?"

"पडलात तर दादा मला बोलेल."

"पडणारच आहे. त्यांचं मी बघते."

रोज सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानात नणंद मागून धरायची आणि ओरडायची, "खाली काय बघता वहिनी? समोर बघा."

"कुठे पडायचं ती जागा बघतेय."

नणंदेला हसू आवरेना, आणि हसता हसता तिने सायकल सोडली. पडदेवाली कचऱ्याच्या डब्यापर्यंत एकटी गेली आणि त्यालाच धडकली.

चाचणीत ती सरळ छान गेली, पण वळणावर पाय टेकला. अधिकाऱ्याने मान हलवली. "पुढच्या महिन्यात या."

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

दुसऱ्या सकाळी मैदानात जाऊन ती नणंदेला म्हणाली, "आता फक्त वळणं." डावीकडे, उजवीकडे, कोपर सोलेपर्यंत वळणं. पुढच्या खेपेला हँडल थरथरलं, तिने दात-ओठ खाल्ले, पण पाय खाली आला नाही. अधिकाऱ्याने सही केली.

नवी सायकल घेऊन ती पहिल्यांदा टेकडी चढत होती, तेव्हा वाटेत नणंद दिसली. टपालाच्या थैल्या लादलेली जुनी सायकल ती हाताने ढकलत होती, पाठीवरचा सदरा घामाने चिंब. पडदेवाली थांबली.

"तुम्ही का नाही अर्ज केला?"

"मला येते की चालवता. मला कोण देणार सूट?"

"न येणाऱ्यांसाठी आहे, असं कुठे म्हटलंय?"

"कचेरीत खेटे कोण घालणार वहिनी?"

"मी आहे ना. ती खिडकी मला पाठ झालीये." तिने नणंदेच्या सायकलवरची एक थैली काढून स्वतःच्या कॅरिअरवर, कापडाच्या गठ्ठ्यावर बांधली. "सोमवारी सकाळी तयार राहा. मी घ्यायला येते."