तीन पदरांची पॅन्ट

मी एक पॅन्ट बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. पॅन्टने आपली कहाणी सांगावी आणि चार माणसांनी ती ऐकावी, असं रोज थोडंच घडतं? पण मी साधीसुधी पॅन्ट नाही. मला तीन पदर आहेत आणि त्यातले दोन बाहेरून कुणाला दिसत नाहीत.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानात झाला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या पॅन्टी तिथेच जन्मल्या असतील. फरक इतकाच, की त्या गिऱ्हाइकांच्या मापाने बेतल्या गेल्या आणि मला मास्तरांनी स्वतःच्या मापाने बेतलं, तेही भर दुपारी, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून. वरून कॉफीच्या रंगाचं जाड कापड, अंगाच्या बाजूने जुना टॉवेल आणि दोन्हींच्या मधे एका फाटक्या रेनकोटचा तुकडा. कात्री चालवताना मास्तर दोनदा दारापर्यंत जाऊन बघून आले. चोरीचा माल लपवावा तसं त्यांनी मला शिवलं.

कारण सांगते. मास्तरांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, पण त्यानंतर लघवीवर ताबा राहीना. खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठले, खाली वाकले, की थोडी गळायची. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" मास्तर म्हणाले, "छे, काही नाही." आणि घरी येऊन रेनकोट फाडला.

शिंप्याचं काम बसून होतं असा तुमचा समज असेल, तर तुम्ही कधी नीट माप दिलेलं नाही. पॅन्टची उंची घ्यायला गिऱ्हाइकासमोर गुडघा टेकावा लागतो. मास्तर त्यासाठीच नावाजलेले होते. ओठांत टाचण्या धरून ते खाली बसत, गिऱ्हाइकाला समोर बघायला लावत आणि पॅन्टचं टोक बुटावर कसं पडतंय ते मान तिरकी करून बघत. गिऱ्हाईक कंटाळायचं, पण पॅन्ट घालून आरशासमोर उभं राहिलं की खूश होऊन जायचं.

ऑपरेशननंतर मास्तरांनी गुडघा टेकणं बंद केलं. भिंतीवर पाटी लागली, 'मापासाठी जुनी पॅन्ट आणावी'. जुनी पॅन्ट टेबलावर पसरायची, टेप लावायचा, काम झालं. वाकायला नको आणि कुणाला काही कळायलाही नको. पाणी पिणंसुद्धा त्यांनी जवळजवळ सोडलं. वाटलं, आतच कमी गेलं तर बाहेर कमी येईल. झालं उलटंच. लघवीची जळजळ सुरू झाली आणि घाई आणखी वाढली. भोगायला मी होतेच.

माझ्यातही एक खोड होती, ती कबूल करते. त्या रेनकोटमुळे मी चालताना कुरकुरायचे. मास्तर चार पावलं चालले, की गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं. मग मास्तरांनी दिवसभर मोठ्याने रेडिओ लावून ठेवायला सुरुवात केली. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "काय मास्तर, या वयात गाण्यांचा भारीच नाद लागला." मास्तर कसनुसं हसले. ते हसताना मी जरा भिजले, हेही सांगायला हवं.

घरात मात्र रेडिओ चालला नाही. मास्तर मला रोज स्वतः धुवायचे, बाथरूमचं दार लावून, आणि खोलीत चादरीखाली वाळत घालायचे. आता मला सांगा, ज्या माणसाने संसारात कधी रुमाल धुतला नाही, तो रोज पॅन्ट धुवायला लागला तर बायकोला संशय येणार नाही? मास्तरीणबाईंनी तिसऱ्या आठवड्यात चादर उचलली. मी अर्धवट ओली, कुबट वासाची, त्यांच्या हातात आले. त्यांनी मला उलटंपालटं केलं, आतले पदर चाचपले आणि मास्तरांना हाक मारली.

"अहो, हे काय आहे?"

"पॅन्ट."

"ते दिसतंय मला. आत टॉवेल कशाला लावलाय?"

मास्तर खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक, पाठमोरे राहूनच. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तीन आठवडे एकट्याने भोगलंत. मी काय घरात शोभेला आहे?" मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा गच्चीवरच्या दोरीवर, उन्हात वाळले.

दुसऱ्याच दिवशी मास्तरीणबाई मास्तरांना घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. मला आतून बघून त्या म्हणाल्या, "शिलाई सुरेख आहे हो." मास्तर आयुष्यात इतके लाजले नसतील. लघवी थांबवताना जे स्नायू आपण आवळतो ते आवळायचे, दहा आकडे मोजायचे, सैल सोडायचे, असा व्यायाम त्यांनी शिकवला. पाणी भरपूर प्यायला सांगितलं. वर म्हणाल्या, "बरं वाटेल, पण घाई करू नका. थोडं राहिलंच, तर त्याच्यासकट जगायचं. चष्मा लावून जगतोच ना आपण."

मास्तर मशीनवर बसल्या बसल्या व्यायाम करायला लागले. पॅडलवर पाय, मनात आकडे. मास्तरीणबाईंनी माझ्यातला रेनकोट उसवला आणि छत्रीचं मऊ कापड लावलं. माझी कुरकुर बंद झाली. माझ्यासारखीच एक धाकटी बहीणही शिवली गेली, आलटून पालटून घालायला. गळणं निम्म्यावर आलं. पण गुडघा टेकला की अजूनही व्हायचंच, म्हणून ती पाटी काही भिंतीवरून उतरली नाही.

त्या पाटीनेच मास्तरांचा घात केला.

शहरातल्या बँडचे बारा गणवेश शिवायचं काम आलं. फिकट करड्या रंगाचं सुंदर कापड. पाटी वाचून बाराही जणांनी आपापल्या जुन्या पॅन्टी आणून टेबलावर ठेवल्या. मास्तरांनी टेप लावला, बेतलं, शिवलं, पाठवून दिलं. संध्याकाळी बँडच्या म्होरक्याचा फोन आला. "मास्तर, आमचे घोटे उघडे पडलेत. बाराच्या बारा जणांचे."

जुन्या पॅन्टी धुऊन धुऊन आटलेल्या होत्या. घालणाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि मास्तर, जे एका नजरेत आटलेलं कापड ओळखतात, त्यांनी माणूस न बघता नुसती पॅन्ट मोजली होती.

कार्यक्रम तीन दिवसांवर आला होता. खालच्या दुमडीत जादा कापड सोडायची मास्तरांना सवय होती, म्हणून गोष्ट हाताबाहेर गेली नव्हती. पण ते कापड किती सोडायचं, हे प्रत्येकाला बूट घालून उभं करून, खाली बसूनच ठरणार होतं. म्हणजे बारा माणसं आणि चोवीस पाय. तेही बँडच्या सरावाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत.

रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "काम परत करतो. दुसरा शिंपी बघा म्हणतो."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "करा की. मग मशीन पण विकून टाका."

मास्तर ताट तसंच ठेवून उठले. पण सकाळी त्यांनी मला चढवलं, धाकटीला पिशवीत घेतलं आणि टाचण्यांची डबी उचलली.

सरावाची खोली लांबट होती. खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, आणि आखूड पॅन्टी घातलेले बारा जण उभे. बघून मलाही हसू आलं असतं, पण मास्तर दारातच टाचण्यांची डबी चाचपत उभे होते. टाचण्या एकदा ओठांत धरल्या की बोलता येत नाही, म्हणून डबी उघडण्याआधीच ते बोलले.

"चूक माझी आहे. मी खाली बसून माप घ्यायला हवं होतं. घेतलं नाही, कारण ऑपरेशन झाल्यापासून मी वाकलो की मला लघवी गळते. पॅन्टला आतून सोय केलीय, दुसरी पिशवीत आहे. मधेच उठून जावं लागलं तर पाच मिनिटं थांबा. काम मात्र पुरं करून देईन."

म्होरक्या आपल्या घोट्यांकडे बघत राहिला. मग दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीपाशी उभी असलेली ट्रंपेटवाली बाई बोलली.

"मास्तर, दोन बाळंतपणांनंतर मलाही होतं. वरचा सूर लावला की हमखास. म्हणून तर मी दारापाशी बसते." तिने आजूबाजूला बघितलं. कुणी हसत नव्हतं. "यंदा गणवेशाचा रंग फिकट निघाला, म्हणून मी वाजवणारच नव्हते. आजच सांगणार होते यांना."

म्होरक्या चकित झाला. "अहो बाई, मला वाटायचं तुम्हाला वारा लागतो म्हणून तिथे बसता."

तेव्हा मात्र सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने ती स्वतः हसली. मास्तरांनी टाचण्या ओठांत धरल्या, म्होरक्यासमोर गुडघा टेकला आणि हाताने खूण केली, समोर बघा.

सातव्या माणसापर्यंत निभावलं. आठव्यापाशी मी भिजले. जेवढं झेलायचं तेवढं झेललं, बाहेर थेंब दिसू दिला नाही. मास्तर शांतपणे उठले, टाचण्या डबीत ठेवल्या, पिशवी घेऊन आत गेले आणि धाकटीला घालून आले. पिशवीतून मी त्यांचा आवाज ऐकला, खणखणीत, जरा खेकसलेला.

"नववा कोण? सरळ उभे राहा बघू."

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण ऑपरेशनच्या आधी मी जन्मलेही नव्हते. माझे मास्तर असे होते तर, असं मला वाटलं.

ट्रंपेटवालीच्या पॅन्टला मास्तरांनी त्या दोन रात्रींत आतून दोन पदर लावले. कार्यक्रमाच्या दिवशी ती मधल्या खुर्चीवर बसली. मास्तर आणि मास्तरीणबाई पुढच्या रांगेत होते, आणि मीही होते. चोवीस पायांवर पॅन्टींची टोकं बुटांवर जशी पडायला हवीत तशीच पडली होती. मग वरचा सूर आला. तिने तो आखडता न घेता लावला, छाती भरून, संपेपर्यंत. मास्तरांनी इतक्या जोराने टाळ्या वाजवल्या की मी थोडी भिजले. आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

आता माझं कंबरेचं रबर सैल झालंय. मी दुकानात पुढच्या खुंटीवर, दर्शनी भागी असते, नमुना म्हणून. शटर पूर्ण उघडं असतं. माणसं येतात, आधी घसा खाकरतात, हवापाण्याचं बोलतात, मग हळूच माझ्याकडे बोट दाखवतात. मास्तर मला उलटी करून त्यांच्या हातात देतात आणि सरळ विचारतात, "कधीपासून होतंय? डॉक्टरांना दाखवलंत? नाही? आधी तिकडे जा, मग माप देतो."

तुमच्यापैकी कुणी माझ्यासमोर असंच घुटमळत असेल, तर एक विनंती आहे. खाकरू नका, हवापाण्याचं बोलू नका. आत या आणि त्रासाचं नाव घेऊन सांगा. मास्तर तुमच्यासमोर गुडघा टेकून बसतील आणि तुमचं माप घेतील.