टेबलाच्या पायाखालचे आठ आणे

मित्रांनो, शेवट आधीच सांगून टाकतो. तेरच्या मल्लिनाथमामांना अखेर खरं दुहेरी खुणेचं नाणं सापडलं. ते नाणं म्हणजे मी.

आता हे विसरा. असं काही घडलंच नाही. खुद्द मामा तसं धरून चालतात, मग आपण कशाला वाद घालायचा?

मी एक जुनं आठ आण्यांचं नाणं आहे. स्टेनलेस स्टीलचं. म्हणजे तुमच्या घरातल्या वाटी-चमच्यांच्या भावकीतला. माझा जन्म एका टांकसाळीत झाला. कुठल्या ते सांगत नाही, खात्याची अब्रू आहे. सालाच्या खाली एक बारीक खूण असते, बर्फीच्या आकाराची, पण मुंगीनं एका घासात संपवावी एवढी. नाणं कुठल्या टांकसाळीचं ते तिच्यावरून कळतं. ज्या कारागिरानं माझ्या साच्यावर ही खूण ठोकली, त्याचा पहिला ठोका जरा तिरपा बसला. तो थांबला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग त्याच जागी नीट दुसरा ठोका मारला आणि तो चहाला गेला. पहिली बर्फी काही पुरती बुजली नाही. दुसरीच्या आडून तिचा एक कोपरा डोकावत राहिला, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतला माणूस टाचा उंच करतो तसा.

त्या साच्यातून माझी लाखभर भावंडं पडली असतील. सगळ्यांना तो कोपरा आहे. पण पोत्यातून बाहेर पडल्यावर त्यातलं एकही मला पुन्हा भेटलं नाही.

माझी उमेदीची वर्षं एसटीत गेली. मल्लिनाथमामा तेर-धाराशिव गाडीवर कंडक्टर होते आणि त्यांच्या चामडी पिशवीत मी कितीदा तरी आलो-गेलो. तेव्हा सुट्ट्या आठ आण्यांवरून भांडणं व्हायची. जिच्याकडं सुट्टे निघायचे त्या बाईकडं मामा असे बघायचे, जणू तिनं त्यांची दृष्टच काढली. एकदा एका म्हाताऱ्यानं मला पिशवीत टाकण्याआधी कपाळाला लावलं. माझ्या आयुष्यात झालेला तेवढाच सत्कार.

मग आठ आण्यांत काही येईनासं झालं. ईट गावच्या बाजारात एका कोथिंबीरवालीनं मला परत ढकललं. “ह्ये चालत न्हाय आता.” मित्रांनो, कायद्यानं मी आजही चालतो. पण कोथिंबीर कायद्यानं विकत नाहीत. फिरत फिरत मी पुन्हा मामांच्याच पिशवीत आलो. तिथून पुढं मला कुणी घेईना, म्हणून त्यांनी मला घरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकलं. डब्यात माझ्यासारखीच इतर होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मामा रिटायर झाले. त्यांची एकच खंत होती. एकतीस वर्षं नोकरी केली, पण रस्त्यात भेटेल तो “काय कंडक्टर?” एवढंच म्हणायचा. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. एक दिवस मोबाईलवर त्यांना दिसलं की धाराशिवला नाण्यांचं प्रदर्शन भरणार आहे. दुहेरी खुणेचं नाणं जो शोधून आणेल, त्याच्या नावाची चिठ्ठी नाण्याशेजारी काचेत लावणार आहेत. पूर्ण नावाची. मामांनी त्याच दिवशी भिंग आणलं आणि डबा उपडा केला.

पहिल्या दिवशी त्यांना चाळीस दुहेरी नाणी सापडली. आठवड्याभरात डबा संपला. डब्यात तीनशे बारा नाणी होती. दुहेरी निघाली तीनशे बारा.

“अगं, समदी जोडीचीच हायत!” मामा बायकोला म्हणाले.

महानंदामामींनी तव्यावरची नजरसुद्धा काढली नाही. “असणारच. परवा दारात येक म्हस आली, तर तुमी म्हणला दोन आल्या. आन् ताटात दोन भाकरी दिसत्यात, तर तिसरी कशाला मागता वो?”

“तुला न्हाय कळायचं. ह्यो शास्त्राचा विषय हाय.”

“व्हय. डोळ्याच्या शास्त्राचा.”

मित्रांनो, त्या ढिगात खरा दुहेरी मी एकटा होतो. पण जिथं सगळेच दुहेरी ठरलेत, तिथं मी हे सांगणार कुणाला?

मामांनी त्यातली बारा निवडली आणि रुमालात बांधली. त्यात मी होतो. प्रदर्शनासाठी नाणी तपासायला शिवप्रियाताई बसल्या होत्या. त्या एरवी शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी पहिलं नाणं भिंगाखाली धरलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं.

“मामा, खूण साच्यावर वेगळी ठोकतात,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून खरं दुहेरी असलं की फक्त खूणच दुहेरी दिसते. साल एकेरीच राहतं. ह्याचं सालपण तुम्हाला दोनदा दिसतंय का?”

“दिसतंय की. आन् तुमचं भिंगबी.”

ताईंनी अकरा नाणी पाहिली. मग विचारलं, “माझ्या कपाळावर टिकल्या किती आहेत?”

मामांनी डोळे बारीक केले. “येकच असंल,” ते म्हणाले.

“मोतीबिंदू वाटतोय, मामा. आधी डोळे दाखवून या. थांबा, अजून एक राहिलंय, बघते ना.”

“राहू द्या, ताई. तुमचा लई टाईम घेतला.” मामांनी रुमालाला गाठ मारली. एक नाही, दोन मारल्या. या खऱ्याच दोन होत्या.

राहिलेलं ते बारावं नाणं मी.

परतीच्या गाडीत मामा तिकीट मुठीत धरून बसले. तरण्या कंडक्टरनं विचारलं, “कुठं उतरायचं, बाबा?” त्यालाही नाव ठाऊक नव्हतं.

पुढं डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि मामी एक झाल्या, म्हस एक झाली, भाकरीही एकच निघाली. त्यावरून थोडं भांडण झालं. मग मामांनी डबा काढला, रुमालाची गाठ सोडली आणि एकेक नाणं भिंगाखाली धरून बाजूला टाकू लागले. “येक. येक. येक.” जणू गाडीतली डोकी मोजत होते. खुशीत होते. माझी पाळी आली.

मामांचा हात थांबला.

साल एकेरी. खुणा दोन.

मित्रांनो, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला पाहिलं. मी लाजलोही असतो, पण स्टेनलेस स्टीलला ते जमत नाही.

“मेलो,” मामा म्हणाले. “डोळा पुन्यांदा गेला.”

मामी धावत आल्या. “हिकडं बघा. माझी नाकं किती?”

“येक.”

“मग डोळ्याला काय धाड भरली न्हाय. नाणंच दोन तोंडाचं असंल.”

मामी चेष्टेत खरं बोलून गेल्या. घरात खरं बोलणाऱ्या माणसाकडं लक्ष द्यायची पद्धत नाही.

मामा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, डोळा लख्ख आहे. मामांनी घरी येऊन मला पुन्हा पाहिलं. पुन्हा दोन. ताईंचं बोलणं त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्या सालावर दोनदा बोट फिरवलं. पण रुमालाची गाठही आठवली असणार. पुन्हा त्या टेबलासमोर बसायचं, पुन्हा टिकल्या मोजायच्या, ते त्यांच्यानं होईना. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. मग खाली वाकून खोलीतल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं, खूण जमिनीकडं करून. टेबल थांबलं. मामांनी मान डोलावली आणि काहीच घडलं नाही असं धरून ते चहा प्यायले.

तेव्हापासून मी इथं आहे. माझ्या डोक्यावर पाय, पायावर टेबल आणि टेबलावर भिंग. प्रदर्शनात त्या काचेतली जागा रिकामीच राहिली म्हणे. रोज सकाळी मामा डोळ्यांत थेंब घालायला इथं येतात. त्यांची पावलं मला दिसतात. दोनच असतात.

मित्रांनो, जुनं नाणं हातात आलं तर चिंचेनं घासू नका. कोपरे झिजतात, आणि कुणाचं सगळं आयुष्य त्या कोपऱ्यातच असतं. खूण बघाल तेव्हा सालही बघा. आणि अकरा एकेरी निघाली, तरी बारावं बघा.

बाकी माझं म्हणणं मी रीतसर मांडतो.

प्रति, मा. प्रमुख, टांकसाळ. विषय : एक दिवसाची भेट मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या साच्यातून पडलेल्या सर्व नाण्यांचे सध्याचे पत्ते शोधण्यात यावेत व सदर नाणी एका दिवसापुरती एकाच पोत्यात ठेवण्यात यावीत. त्याच दिवशी पोत्याशेजारी श्री. मल्लिनाथ यांच्या पूर्ण नावाची चिठ्ठी लावण्यात यावी. अर्जदाराच्या रजेच्या काळात टेबलाच्या पायाखाली योग्य त्या बदली कर्मचाऱ्याची नेमणूक व्हावी.

कळावे.

आपला आज्ञाधारक,
आठ आणे (कायद्याने चलनात)
मु. पो. तेर, टेबलाचा खिडकीकडचा पाय.