पानपाखरांचं गाऱ्हाणं

पानपाखरू पंख मिटून बुंध्यावर बसलं, की वाळलं पान कुठलं आणि पाखरू कुठलं ते ओळखू येत नाही. देठ, शिरा, बुरशीचे ठिपके, सगळं सोंग हुबेहूब. उडालं की मात्र आतली निळाई दिसते. वाघजाईच्या राईत ही पाखरं पिढ्यान्‌पिढ्या होती आणि वाडीतल्या कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग पुण्याहून फटफटीवर एक साहेब आला आणि कळलं, की परदेशात ह्यांना गिऱ्हाईक आहे. मेलेलं पाखरू काचेत घालून भिंतीवर टांगतात म्हणे. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

साहेबाला पाखरं धरणारा माणूस हवा होता. गेणबा मधाचं पोळं काढायचा तेव्हा एक माशी चिरडत नसे, असा त्याचा हात हलका. त्याचीच निवड झाली. त्याची बायको सगुणाबाई तेव्हाच म्हणाली, की राईतली काटकीसुद्धा कौल लावल्याशिवाय बाहेर जात नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर न्यायचं, डावं पडलं तर मुकाट घरी जायचं. मग पाखरांचा कौल का लावला नाही?

वाडीचा कारभार पाहणाऱ्या आबांनी तिला समजावलं. झाड राईत रुजतं म्हणून ते देवीचं. पाखरू आज राईत, तर उद्या शेजारच्या रिहे गावच्या भातखाचरात. त्याला कसला कौल? साहेबानं नुकतेच देवळावर नवे पत्रे घातले होते, त्यामुळे ही अक्कल सगळ्यांना पटली.

सडक्या केळ्यांत गूळ कालवून गेणबा बुंध्यांना लेप द्यायचा. त्या आंबूस वासावर पाखरं यायची, पिऊन सुस्त व्हायची, आणि तो त्यांना अलगद बाटलीत टाकायचा. बाटलीच्या तळाशी साहेबानं विष घालून वरून प्लास्टर लिंपलं होतं. पाखरू आत जरा फडफडायचं आणि निजायचं. मग त्याची कागदाच्या तिकोनी पुडीत रवानगी.

दुसऱ्या पावसाळ्यात गेणबा खोकायला लागला. डोकं धरून बसायचा, भाकरी कडू लागते म्हणायचा. ज्या हातानं कधी माशी दुखावली नाही, तो हात पाण्याचा तांब्या धरताना थरथरू लागला. सगुणाबाईनं बाटली हुंगून पाहिली आणि तिच्याच डोक्यात कळ गेली. हे काम सोडा, म्हणून ती त्याच्या मागे लागली. तो साहेबाला सांगायला गेलाही, पण साहेब नुसता हसला. ह्या पाखरांना हात लावणाऱ्याला कायद्यानं तुरुंग आहे, म्हणाला, आणि आजवर हात कुणी लावलाय? घरी येऊन गेणबा चुलीपाशी टेकला. "आता न्हाई सुटायचं," एवढंच बोलला.

त्यात भरे गावचा कोंडीराम, फॉरेस्टचा गार्ड, वाडीत चौकश्या करू लागला. राईतली पाखरं कमी का झाली, फटफटी कुणाची येते. माणूस भला, पण चिवट. आबांनी लगेच सगळ्यांना देवळात गोळा केलं आणि बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ घेतली, की ती मोडणाऱ्याच्या घराचं वाटोळं होतं, हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पाखरांची गोष्ट कुणा माणसाच्या कानावर घालायची नाही, अशी शपथ. सगुणाबाईनंही ती घेतली. नवऱ्याची मान अडकलेली, ती दुसरं काय करणार?

आता तिची गत इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. बोलावं तर शपथ मोडते, न बोलावं तर ती बाटली नवऱ्याला खाते. तिला आबांचा राग यायचा, साहेबाचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त गेणबाच्या त्या मुकाट उठून राईत जाण्याचा यायचा.

अवसेला ती देवीला तेल घालायला गेली, तर देवळाच्या पायरीवर कोंडीराम बसलेला. बूट राईच्या वेशीवर काढून ठेवलेले, पाय चिखलानं भरलेले. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन समईत तेल घातलं, हात जोडले आणि वाडीतल्या बाया घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"आई वाघजाई, मी कुना मानसाला सांगत न्हाई, तुला सांगतीया. माझा धनी तुझी पाखरं धरतुया. पुण्याचा सायेब दर बाजाराच्या दिवशी येऊन पुड्या नेतुया. त्या बाटलीनं धनी माझा मरायला लागलाय. मग त्यो जेलात गेला तरी चालंल, पर जिता ऱ्हाऊ दे."

कोंडीरामानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो उठला, वेशीवर गेला आणि बूट हातात घेऊन चालू लागला.

बाजाराच्या दिवशी फॉरेस्टची माणसं आली. साहेब उतारावरून फटफटी दामटत निसटला आणि गेणबा बाटलीसकट सापडला. त्याला पौडच्या कोर्टात नेलं. जामिनावर घरी आला तेव्हा खोकला बराच उतरला होता.

"तूच ना?" त्यानं विचारलं.

"मी देवीला सांगितलं," ती म्हणाली.

त्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि कडू लागली म्हणून तक्रार केली नाही.

सगुणाबाईला वाटलं, सुटलो. पण साहेबासारखी माणसं अशी सुटू देत नाहीत. पाऊस ओसरला आणि आबांच्या हाती नवी बाटली आली, बरोबर निरोप. गेणबा कामाला लागला तर साहेब वकील देईल, नाहीतर आपला खटला गेणबानंच पाहून घ्यावा. आबांनी वाडी पुन्हा देवळात बोलावली. आबा काही दुधखुळे नव्हते. बेलभंडाराची थाळी त्यांनी मुद्दाम गेणबाच्या हातात दिली आणि या खेपेची शपथ सांगितली.

"मानसाला सांगायचं न्हाई, आन्‌ देवीलाबी सांगायचं न्हाई."

एकेकानं बेल उचलला. शेजारच्या साळूबाई, इंदूबाई, सगळ्यांनी. गेणबा माना खाली घातलेल्या माणसांपुढून थाळी नेत नेत बायकोपुढं आला. "उचल," तो पुटपुटला. सगुणाबाईनं हात पदराखालीच ठेवले. न उचलावा तर वाडी वाळीत टाकणार, पाणवठा बंद, बोलणं बंद. उचलावा तर आता गाऱ्हाणं घालायलाही दार उरत नाही. तिनं देवीकडे पाहिलं.

"आबा, तिच्यापासनं लपवायचं, तर तिलाच इचारा," ती म्हणाली. "लावा कौल. उजवं फूल पडलं, तर मी उचलते."

आबा जागचे हलले नाहीत. फुलं परडीत होती, हाताच्या अंतरावर. दुसरंही कुणी पुढं झालं नाही. डावं पडलं तर काय, हे ज्याला त्याला कळत होतं, आणि इतके दिवस कौल का लावला नाही, तेही.

मग गेणबानं थाळी खाली ठेवली. त्यानं परडीतून दोन फुलं उचलली, पाण्यात बुडवली आणि हलक्या हातानं देवीच्या खांद्यांना लावली. तो मागं सरकून बायकोशेजारी बसला, आणि फूल पडायची वाट पाहत सगळी वाडी श्वास धरून राहिली.