पैजेवर लावलेली पोर

सूर्य टेकडीला टेकायला आला, तसा केझायाच्या हातातला डाव थांबेना. केंटकीतल्या त्या कचेरीच्या अंगणात ती सकाळपासून खारीच्या मटणाच्या रश्श्याची भलीमोठी कढई ढवळत होती, कान मात्र ओसरीकडे होते. मत द्यायचं ते तिथं, सगळ्यांदेखत, मोठ्यानं नाव घेऊन, सूर्य बुडायच्या आत. उमेदवार तिचाच मालक, प्रुइट. आपलं नाव ऐकलं की तो उठून आभार मानायचा.

प्रुइट व्हिग पक्षाचा, शेजारचा टॅलबट डेमोक्रॅट. भाषणांत दोघं एकमेकांची सालटी काढत. दोघांच्या शेतात राबणारी माणसं मात्र विकतची, गुलामच; केझायाही त्यांतलीच. त्या बाबतीत दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी. आदल्या आठवड्यात दारू चढली आणि दोघांनी पैज मारली. व्हिग हरले तर केझायाची लेक जुनो टॅलबटची. जिंकले तर टॅलबटचा करडा घोडा प्रुइटचा. तेव्हापासून केझायाचा जीव टांगणीला लागला होता. तिला मत कोण विचारतंय, पण त्या आठवड्यात तिच्याइतकं कट्टर व्हिग अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हतं.

प्रुइट एका मतानं पुढे होता. इतक्यात नदीपलीकडचे डेमोक्रॅट आले, चिखलानं माखलेले, भुकेलेले. ते ओसरी चढले की संपलं. केझायानं कढईवरचं झाकण काढलं.

"रिकाम्या पोटी कसलं मत देताय, साहेब? ओसरी काय पळून जातेय?"

"व्हिगांचा रस्सा?" त्यातला एक हसला. "पचायचा का गं आम्हाला?"

"कढईतली खार कुठल्या पक्षाची, ते मी नाही विचारलं."

मंडळी हसत बसली. ती वाटीत रस्सा ओतत राहिली, वर व्हिस्की होतीच. सूर्य बुडाला, कारकुनानं मतदान संपल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा ते बोटं चाटत होते. केझायाला रडू आलं, पण धुराचं निमित्त होतं.

टॅलबट तणतणत आला. प्रुइटनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. जिंकलेल्या माणसाचं मन भलतंच मोठं होतं.

"घोडा राहू दे तुझा. पक्ष मतदानापुरते रे, शेजार जन्माचा. उलट तुझ्या लेकीच्या लग्नात माझा आहेर घे. ती जुनो. एवढ्या लांब मिसिसिपीला चाललीय तुझी पोर, हाताखाली कुणी नको?"

टॅलबटचा राग कुठल्या कुठे गेला. दोघांनी हात मिळवले आणि रस्सा मागवला.

केझायानं दोन वाट्या नेऊन दिल्या. तिथंच उभी राहून तिनं विचारलं, "मालक, लग्न कधी आहे?"

"परवा. का गं?"

ती मागे वळली. कढईपाशी जुनो उष्ट्या वाट्या घासत बसली होती. केझायानं तिच्या हातातली वाटी काढून घेतली, कढईच्या तळाचं मांस काढून भरली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली.

"राहू दे ती भांडी," ती म्हणाली. "बस माझ्याजवळ. जेव."